घर बघायला येणारी बाई

लोकांची घरं बघून ती बरी आहेत की नाहीत हे सांगण्याचा मला पगार मिळायचा. ऐकायला गंमत वाटते, पण काम तेच होतं. मुंबईत एक संस्था होती. आईबाप नसलेली, टाकून दिलेली मुलं तिथे सांभाळत आणि ज्यांना मूल नाही अशांना दत्तक देत. मूल देण्याआधी त्या नवराबायकोचं घर कुणीतरी जाऊन बघून यायचं. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ती 'कुणीतरी' म्हणजे मी. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड नाव पुढे पडलं.

माझे यजमान रेल्वेत होते, आम्ही कर्जतला क्वार्टरमध्ये राहत होतो. समाजकार्याचं शिक्षण मी लग्नाआधी घेतलं होतं आणि ते असंच पडून होतं. संस्थेला इकडे फिरायला माणूस मिळेना, कारण मुंबईच्या बायकांना एस.टी. लागायची. मला लागत नाही. याच गुणावर माझी निवड झाली असं मी अजून सांगते, आणि आमच्या घरात ते कुणाला आवडत नाही.

दत्तक घेणं इकडे नवं नव्हतं. एखाद्याला मूल झालं नाही तर भावाचा नाहीतर दिराचा मुलगा ओटीत घेत. भटजी यायचे, चार भाऊबंद बसायचे, मुलाला त्या बाईच्या ओटीत बसवलं की झालं. त्यासाठी कुणी घर बघायला येत नसे. सगळ्यांना सगळ्यांची घरं माहीतच होती. त्यामुळे पिशवी घेऊन, चष्मा लावून, परगावची बाई घर बघायला येते म्हणजे काय, हे लोकांना उमगायचं नाही. परका माणूस घर बघायला येतो तो एकाच कामासाठी, सोयरीक जमवायला. म्हणून मी गेले की तीच तयारी. शेजारून खुर्ची आणलेली, कांदेपोहे केलेले, घरची बाई ठेवणीतलं लुगडं नेसून खाली मान घालून बसलेली. आणि मी उठले की म्हातारं माणूस दारापर्यंत येऊन विचारायचं, "मंग, पसंत हाय का?"

मी म्हणायची, "कळवतो." मुलाकडची मंडळी जे म्हणतात तेच. दुसरं मला काही म्हणताच येत नसे, कारण पसंती माझ्या हातात नव्हती.

आमच्या संस्थेत घर तीनदा बघत. पहिल्यांदा मी. मग डॉक्टर. मग समितीच्या दोन बायका मोटारीतून. तिघांनी वेगवेगळ्या दिवशी जायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणजे मत स्वतंत्र राहतं अशी कल्पना. याशिवाय तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, दवाखान्याचा दाखला. दाखला वर्षाच्या वर जुना झाला की बाद. समिती महिन्यातून एकदा बसायची, आणि त्यातही कुणाकडे लग्न, कुणाकडे आजारपण, म्हणजे बैठक पुढे. तिसरी भेट होईपर्यंत पहिले दाखले शिळे झालेले असत. मग पुन्हा तलाठ्यापासून सुरुवात. एखाद्याला हैराण करायचं ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

आता या सगळ्यात एक जोडपं होतं, त्याचं सांगते.

कळंबच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, एका वाडीत ती दोघं राहत होती. भाताची थोडी शेती, आणि भात कापून झालं की तो गवंडीकाम करायला जायचा. ती हातमशीनवर शिवण करायची. घरात त्याची म्हातारी आई. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली, मूल नाही. नेरळच्या दवाखान्यातल्या नर्सने त्यांना संस्थेचं नाव सांगितलं होतं. माझ्या पहिल्या भेटीत मी ठरलेला प्रश्न विचारला, की नात्यातलं मूल का घेत नाही. त्याचा भाऊ शेजारीच राहत होता आणि त्याला तीन मुलगे होते. उत्तर बायकोने दिलं. ती म्हणाली, "दिराचं पोर घेतलं तरी त्याची आये हितंच चार पावलांवर. भूक लागली का ते तिच्याकडंच पळंल. मंग मी कोन? निस्ती भाकरी थापनारी."

मला ती बाई आवडली. स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात, निदान सुरुवातीला तरी. घर साधं होतं. पुढे ओटी, आत माजघर, आणि कुडाच्या पलीकडे गोठा, त्यात एक दुभती म्हैस. घर स्वच्छ होतं, माणसं बरी होती, म्हातारीला सुनेचा राग नव्हता. ही तिसरी गोष्ट मी नेहमी बघत असे, कारण मूल नसलेल्या घरात ती सहसा सापडत नाही. मी अनुकूल मत दिलं.

पहिलं मत अनुकूल पडलं की संस्था मूल दाखवायची. दाखवायचं, पण द्यायचं नाही. महिन्यातल्या एका रविवारी येऊन भेटायचं, म्हणजे ओळख होते. हा नियम ज्या कुणी केला त्याला स्वतःची मुलं होती की नाही, मला ठाऊक नाही. या दोघांना एक मुलगी दाखवली. सहासात महिन्यांची असेल. सावळी, गोबरी, आणि कुणाहीकडे जाणारी. त्या बाईने तिला घेतलं आणि परत देताना तिला हात सोडवेनात. तिथल्या दाईने एकेक बोट सोडवून मूल काढून घेतलं.

तेव्हापासून त्या दोघांना मूल नको होतं, ती मुलगी हवी होती. यात फार फरक आहे. आणि एक अडचण होती, ती त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेली. तीन वर्षांचं झालं की मूल आमच्याकडे राहत नसे. मोठ्या मुलींच्या दुसऱ्या संस्थेत ते जायचं, देशावर, दूर. तिथून दत्तक जवळजवळ कुणी जातच नसे. म्हणजे जे व्हायचं ते तिला तीन वर्षं पुरी व्हायच्या आत. त्या वेळी हा अवधी सगळ्यांना भरपूर वाटला होता, मलासुद्धा.

ती दर महिन्याला जायची. पहाटे वाडीतून पायी, मग एस.टी. नेरळपर्यंत, मग गाडी. जाताना मुलीसाठी एक झबलं शिवून न्यायची. मागच्या भेटीत वितीने माप घेतलेलं असायचं. पण महिन्याभरात मूल वाढतं. झबलं आखूड व्हायचं, ते दुसऱ्या पोराला घालत. मग तिने अंदाजाने मोठं शिवायला सुरुवात केली, तर ते ढगळ व्हायचं. दाई मला हसून सांगायची, की आमच्याकडे आता निम्मी पोरं तुमच्या त्या बाईने शिवलेलं घालून फिरतात. तिला एकदाही बरोबर माप साधलं नाही याचं तिला फार वाईट वाटत असे. तिच्या कामाची तिला ऐट होती.

मग डॉक्टर त्यांचं घर बघायला गेले. डॉक्टर सज्जन होते, पण घाईत असत. त्यांनी नवराबायकोला तपासलं, म्हातारीची छाती ऐकली, घरात नजर टाकली आणि जाता जाता म्हणाले, "बाळासाठी स्वतंत्र, स्वच्छ जागा हवी. गोठा फार जवळ आहे." बस्स. त्यांच्या मनात काय होतं ते मी पुढे त्यांनाच विचारलं. पाळणा गोठ्याच्या कुडाला लागून ठेवू नका, एवढंच. दुसऱ्या टोकाला ठेवला असता तरी चाललं असतं.

पण हे सांगणारा साहेब मुंबईचा, मोठा, आणि ज्याच्या शब्दावर मूल मिळणार असा. नवऱ्याने ते शब्द तंतोतंत धरले. स्वतंत्र जागा म्हणजे स्वतंत्र खोली. त्या घरात कुणालाच स्वतंत्र खोली नव्हती. त्याच्या बापाला नव्हती, आजाला नव्हती, अख्ख्या वाडीत कुणाला नव्हती. सगळे माजघरात एका ओळीत झोपत. पण शहरातलं मूल आहे, सरकारी कायदा असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याने म्हैस विकली. गोठा पाडला. त्या जागी पाया खणून, स्वतःच्या हाताने विटांची खोली बांधायला घेतली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. एकदा भेट झाली की तिन्ही पुऱ्या होईपर्यंत पहिल्या माणसाने तिकडे फिरकायचं नाही असा नियम होता, तो मी पाळत होते. समितीच्या बायकांनी भेटीचा दिवस कळवला तर त्यानेच उलट कळवलं, की थोडं थांबा, काम व्हायचं हाय. समितीत यावर सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. मूल हवंय आणि थांबा म्हणतो? एक बाई म्हणाल्या, मन बदललेलं दिसतंय. भेट पुढे गेली. मग पाऊस लागला, मोटार वाडीपर्यंत जाईना, भेट पुन्हा पुढे गेली. मुलगी तोवर भिंत धरून चालायला लागली होती.

अखेर समितीच्या अध्यक्षबाई आणि आणखी एक बाई मोटारीने गेल्या. वाट दाखवायला मला बरोबर घेतलं; तोंड मात्र उघडायचं नाही या अटीवर. वाडीच्या तोंडाशी मोटार थांबली आणि सगळी वाडी जमा झाली. आत गेलो तर गोठ्याच्या जागी खोली. पक्क्या विटा, गिलावा, वर नवी कौलं, निळा रंग, एक लहानशी खिडकी आणि खिडकीला गज. आत लाकडी पलंग. त्यावर नवी गोधडी. कोपऱ्यात पाण्याचं तांब्याभांडं, लहान पोराला पुरेल एवढं. इतकं नीट केलेलं होतं की मला बघवेना.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही खोली कशासाठी?"

तो अदबीने म्हणाला, "बालासाठी हाय जी. सोतंत्र."

"आणि तुम्ही कुठे झोपणार?"

"आमी आत, माजघरात."

"दीड वर्षाच्या मुलीला तुम्ही इथे एकटीला झोपवणार? रात्री?"

त्याला वाटलं परीक्षा चालली आहे. त्याने मान हलवली. "व्हय जी. एकटीच. कोन हात लावनार नाय."

त्याची बायको दाराशी उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. ती हळूच म्हणाली, "मी उंबऱ्याशी झोपंन. आत नाय जानार. दार लोटलेलं ऱ्हायलं तर चालंल ना?" कायदाच असेल तर त्या बाईने उंबऱ्याबाहेर झोपायची तयारी ठेवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि मी नको तिथे शब्दाची पक्की आहे.

दुसऱ्या बाईंनी विचारलं, मुलीला दूध कुठून? पहिल्या भेटीत तर म्हैस होती म्हणे. तो म्हणाला, म्हैस इकली. का विकली? खोलीसाठी. म्हणजे आता दूध नाही, दुधाचं उत्पन्नही नाही? म्हातारी मागून पुटपुटली, "डाक्तर म्हनला गोठा नको, ह्या म्हनतात म्हस कुठं. एकदा तुमचं तुमी ठरवा ना बाय." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

समितीत त्या दोघांबद्दल जे बोललं गेलं ते असं : मुलीला वेगळं ठेवण्याची वृत्ती दिसते, परकेपणाची भावना असावी, आर्थिक स्थिती खालावली आहे, आणि भेट पुढे ढकलण्याचं कारण संशयास्पद आहे. निर्णय, पुनर्विचार. पुनर्विचार म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दाखले तर शिळे झालेच होते.

त्या बैठकीत मी भांडले. शब्द जपून वापरण्याची माझी ख्याती कधीच नव्हती, पण त्या दिवशी मी फारच बोलले. म्हटलं, तीन माणसं तीनदा जातात, तिघं तीन गोष्टी सांगतात, आणि त्या माणसाने तिन्ही ऐकल्या म्हणून तो नापास. डॉक्टरांनी गोठा नको म्हटलं नसतं तर म्हैस गेली नसती. म्हैस गेली नसती तर दूध असतं. आणि मुलीला कुणी वेगळं टाकत नाही, ती बाई उंबऱ्यावर झोपायला तयार आहे, हे तुम्ही ऐकलंत का? एकदाच जा. सगळे मिळून जा. जे सांगायचं ते तिथेच, त्यांना समजेल अशा भाषेत सांगा. आणि दाखले एकदा घेतले की निकाल लागेपर्यंत चालवून घ्या. तलाठ्याकडे हेलपाटे घालायला त्यांनी काही गुन्हा केलेला नाही.

अध्यक्षबाई सगळं ऐकून घेत असत, हा त्यांचा मोठेपणा. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते सोपं आहे. पण आम्ही तीन भेटी का सुरू केल्या ते ऐका." तुम्ही यायच्या आधी, एका चांगल्या घरी आम्ही एकाच भेटीवर एक मुलगी दिली होती. घर स्वच्छ, माणसं गोड बोलणारी. दोन वर्षांनी कळलं, ती मुलगी त्या घरात भांडी घासत होती. घरच्या सगळ्यांचं जेवण झालं की उरलेलं तिला. शाळा नाही. "ती परत आली तेव्हा तिचे हात मी बघितलेत," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी ठरवलं, चार लोकांना त्रास झाला तरी चालेल."

पण ती मुलगी त्या घरात गेल्यावर तिच्याकडे कुणी बघायला गेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते धरलं. म्हटलं, आधी तीनदा जाण्यापेक्षा मूल दिल्यावर जा. खोटं रूप एका दिवसाचं कुणीही आणतं. मूल घरात असताना कुणाला ते जमायचं नाही. आधीच्या दोन भेटी कमी करा, नंतरच्या वाढवा. मी जाईन, दर तीन महिन्यांनी, न कळवता.

हा सौदा पटला. पण बैठका पुढे जात जात तसा ठराव व्हायला वर्ष गेलं. इतकी वर्षं रखडणारी प्रकरणं मग महिन्यांत सुटायला लागली. खोपोलीच्या गिरणीतल्या एका कामगाराला पावसाळ्याआधी मुलगा मिळाला, शेलूच्या एका शिक्षकाला दिवाळीच्या सुमाराला मुलगी. लोक माझं कौतुक करत, आणि मीही ते करवून घेत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

पण सगळ्यात आधी त्या दोघांचं घर पुन्हा बघायचं होतं, कारण मुलीचे दिवस भरत आले होते. तिचं नाव मोठ्या मुलींच्या संस्थेत पाठवायच्या यादीत लागलेलं होतं. आम्ही तिघं मिळून गेलो, डॉक्टर, अध्यक्षबाई आणि मी. या वेळी तोंड उघडायला मला मोकळीक होती. मी त्याला सरळ सांगितलं, की पोरीला तुमच्यात झोपवा, हवी तर मधे. म्हैस ठेवली तरी चालेल, घराच्या मागच्या अंगाला ठेवा. त्याने खोलीच्या निळ्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाला, "येवढंच व्हतं?"

डॉक्टरांनी मान फिरवली. मी म्हटलं, "एवढंच होतं." त्याची बायको तोंडाला पदर लावून माजघरात गेली, आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. म्हातारी तिला समजावत होती, "गप गं, गप. मिलतेय ना आता."

कोर्टाचं काम झालं आणि मुलगी त्यांच्या घरी गेली. तिला तीन वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस होते. तिला घ्यायला दोघं आली तेव्हा मी होते. ती नवऱ्याच्या खांद्यावर बसून गेली, मागे वळूनही बघितलं नाही. जिन्यावर तिची चप्पल पडली, ती आईने उचलली आणि हातात धरूनच गाडीपर्यंत नेली.

ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी मी न कळवता गेले. घरात आनंद होता. मुलीच्या अंगावर बाळसं आलेलं. केसांना तेल, कपाळाला काजळाची टिकली. अंगातला फ्रॉक अगदी मापात होता. मला बघितल्यावर ती आजीच्या मागे लपली ते मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. पोर लाजते, असं मी समजले. आईने चहा केला, मी प्रश्न विचारले, सगळं छान होतं.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा ओटीवर कुणी नव्हतं. मी खुर्चीवर बसले. आई आतून आली, तिने पाणी दिलं, आम्ही बोलायला लागलो. थोड्या वेळाने मुलगी माजघरातून आली. हातात एक फडकं, त्यात तिचे कपडे गुंडाळलेले, गाठ मारायचा प्रयत्न केलेला पण ती न बसलेली. ते गाठोडं तिने माझ्या पिशवीशेजारी ठेवलं. पायात चपला घातल्या, उलट्या. आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. रडत नव्हती. तक्रार नव्हती. वाट बघत होती.

मी आईकडे बघितलं. आईला हे नवं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मागच्या टायमाला तुमी गेल्यावर असंच केलं हिनं," ती म्हणाली. "दारात बसून व्हती अंधार पडंपर्यंत. तिकडं तुमच्या आश्रमात पिशवीवाली बाई येऊन खुर्चीवर बसली, बोलून गेली, का दुसऱ्या दिशी कोनतरी पोर जायाचं. गाठोडं बांधून. तिला येवढं कलतं."

मी मुलीला म्हटलं, "मी तुला न्यायला नाही आले गं. मी नुसती बघायला आले." तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता. बघायला येणाऱ्या बायका तिने माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या होत्या.

आईने ते गाठोडं उचललं, सोडलं, आणि एकेक कपडा घडी करून मांडीवर ठेवत गेली. ती बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. "बाई, तुमचं आमच्यावर लय उपकार हायेत. तुमी नसत्या तर ही देशावर गेली असती, ते आमाला ठावं हाय. पन तुमी आलात का ही परत तुमची व्हते. मंग मी हाक मारली तर ओ देत नाय. जेवत नाय. राती माझ्याजवल झोपत नाय, दाराशी जाऊन झोपते." तिने शेवटचा कपडा ठेवला. "आता तुमी येऊ नका."

इतकी वर्षं तिने कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. खोली बांधा म्हटलं, बांधली. उंबऱ्याबाहेर झोपायला तयार झाली. दाखले पुन्हा आणा म्हटलं, आणले. पोहे केले, खुर्च्या मागून आणल्या, खाली मान घालून बसली. आणि आता घडी केलेले कपडे मांडीवर धरून ती मला माझ्या नियमातून बाहेर काढत होती. मी "बरं" म्हटलं आणि उठले. चहा ठेवलेला होता, तो घेतला नाही.

समितीत मी ते सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण मग कळणार कसं? तुमचाच ठराव आहे." खरं होतं. मी म्हटलं, ती दोघं बाजाराला कर्जतला येतात, पोरगी बरोबर असते. मी लांबून बघीन. पोर धडधाकट आहे, हसते आहे, एवढं लांबून कळतं. खुर्चीवर बसायची गरज नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, या एका घरापुरतं. पुढे ते पुष्कळ घरांपुरतं झालं.

मग मी तशी बघत राहिले. गर्दीत भाजी घेता घेता. कधी ती बापाच्या खांद्यावर, कधी आईचं बोट धरून. एकदा दोघी भांडताना दिसल्या, पोरीला बांगड्या हव्या होत्या आणि आई नको म्हणत होती. पोरीने भर बाजारात फतकल मारली. मी तिथेच थांबले आणि पोट भरून ते भांडण बघितलं. आईने शेवटी दंडाला धरून उठवलं, पोरीने आणखी मोठा गळा काढला, आणि मला इतका आनंद झाला की मी दोन वेळा वांगी निवडून टोपलीत परत टाकली.

साधारण वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. मुलगी शाळेत जायला लागली होती. एकदा मिरचीवालीपाशी मी वाकून मिरच्या घेत होते आणि मान वर केली तर त्या दोघी समोर, हाताच्या अंतरावर. बाजूला व्हायला जागाच नव्हती. आईने मला ओळखलं. ओळखलं ते डोळ्यांत दिसलं, आणि लगेच डोळे कोरे झाले. मी हसणार होते, ते तसंच राहिलं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती, कुठेतरी बघितलेल्या माणसाकडे बघावं तशी. तिने आईचा पदर ओढला.

"आये, ती बाई कोन?"

मला राग आला, हे लपवत नाही. हिच्यासाठी मी किती भांडले, एक शब्द तरी बोलेल की नाही, असं क्षणभर वाटलं.

आई मिरचीच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "कोन नाय गं. बाजाराला आल्यात. चल, बापूस थांबलाय."

मुलीला ते पटलं. आईचं बोट धरून ती पुढे निघाली, आणि मी समोरून हटेपर्यंत मिरचीवाली मला विचारत राहिली, की घेताय का नुसत्या बघताय.